बाबासाहेबांवर कुणाचा कॉपीराइट आहे?

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या विद्यापीठात बाबासाहेबांवर एक चर्चासत्र झालं. मंचावर चार वक्ते होते आणि चौघांपैकी एकही दलित नव्हता. प्रश्नोत्तरांच्या वेळी बी.ए.ची एक मुलगी उठली आणि तिनं एवढंच विचारलं, की या विषयावर याच विद्यापीठात संशोधन करणारे इतके दलित विद्यार्थी असताना मंचावर त्यांच्यातलं कुणीच का नाही? अध्यक्ष हसले आणि हिंदीत म्हणाले, "बाबासाहेब साऱ्या देशाचे आहेत. त्यांच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही." सभागृहात टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली.

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कधी ते "फुल्यांवर काय तुमचा कॉपीराइट आहे का?" असं येतं, तर कधी "दुःखावर कुणाचा कॉपीराइट नसतो" असं, जरा काव्यमय होऊन येतं. दरवेळी अर्थ एकच असतो: तुम्ही मक्तेदारी सांगताय, आम्ही उदार आहोत. ज्याला मंचावर खुर्चीसुद्धा मिळाली नाही त्याच्यावरच मक्तेदारीचा आरोप करायचा आणि टाळ्या घ्यायच्या, एवढं काम हा एक शब्द करतो.

त्या रात्री हॉस्टेलवर येऊन मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वकील नाही. पण आपल्या घरात पहिल्यांदाच पदवी घेतलेल्यांना बरेच कागद स्वतःच वाचावे लागतात. घरात विचारायला कुणी नसतं. वाचत गेले तसं लक्षात आलं की हा शब्द आपल्याला दोन्हीकडून नागवतो. वाचक म्हणून आपण त्याला नको तितके घाबरतो आणि लेखक म्हणून त्याच्याकडे नको तितकं दुर्लक्ष करतो. दोन्हींचा फायदा दुसऱ्यांना होतो.

आधी अध्यक्षांचं उत्तर तपासू. कायद्यानं पाहिलं तर ते बरोबर बोलले. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०१६ ला संपला. १ जानेवारी २०१७ पासून ती पुस्तकं कुणीही छापावीत, कुणीही भाषांतर करावीत. पण त्या मुलीनं पुस्तक छापण्याबद्दल विचारलं होतं का? तिनं विचारलं होतं की बोलायला कुणाला बोलावलं जातं. तिचा प्रश्न खुर्चीचा होता आणि तिला उत्तर मिळालं छापील प्रतीचं.

शब्दात काय आहे

आपली या शब्दाशी ओळखच वाईट रीतीनं होते. "कॉपी" हा शब्द मी पहिल्यांदा दहावीच्या परीक्षाकेंद्रावर वाचला, "कॉपीमुक्त अभियान" अशा फलकावर. कॉपी म्हणजे गुन्हा, भरारी पथक, बाहेर काढलेला मुलगा आणि त्याचा रडवेला बाप. पुढे कॉलेजात "कॉपीराइट" ऐकला तेव्हा त्यातला "कॉपी" तेवढा मला ओळखीचा वाटला आणि पोटात तसाच गोळा आला. "राइट" म्हणजे हक्क, हे डोक्यात शिरायला बराच वेळ लागला.

मूळ इंग्रजी शब्द साधा आहे. कॉपी म्हणजे प्रत, राइट म्हणजे हक्क. प्रती काढण्याचा हक्क. सरकारी मराठीत त्याला "प्रताधिकार" म्हणतात आणि तो अर्थाला जवळचा आहे. पण वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत रुळला तो "स्वामित्वहक्क". एका भाषांतरात प्रत गेली आणि स्वामी आला. आपल्या लोकांनी जमिनीचा स्वामी पाहिलाय, पाणवठ्याचा पाहिलाय, देवळाच्या गाभाऱ्याचाही पाहिलाय. म्हणून पुस्तकावर "स्वामित्वहक्क राखीव" असं वाचलं की आतलं सगळंच आपल्याला बंद आहे असं वाटतं.

तसं ते नाही. हा कायदा कल्पनेवर हक्क देत नाही, माहितीवर देत नाही, विषयावर तर नाहीच. ती कल्पना ज्या शब्दांत, ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर देतो. एखाद्या अभ्यासकाचा मुद्दा तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिलात तर कॉपीराइट मोडत नाही. त्याचं नाव घेतलं नाहीत तर ती वाङ्मयचोरी होईल, आणि ती वेगळी गोष्ट आहे. हा हक्क मिळायला नोंदणी लागत नाही. वहीत कविता लिहून झाली की हक्क तयार झाला. पहिला मालक लिहिणारा. कायद्याचं कलम १७ तिथूनच सुरू होतं, अपवाद नंतर येतात.

आणि हा हक्क कायमचा नाही. इंग्लंडमध्ये १७१० साली असा पहिला कायदा झाला तेव्हा त्याच्या शीर्षकातच विद्येला उत्तेजन देण्याचा हेतू लिहिलेला होता. मुदत होती १४ वर्षं, आणि लेखक जिवंत असेल तर आणखी १४. आपल्याकडे मुदत मृत्यूनंतर ५० वर्षं होती. ती १९९२ साली ६० झाली, कारण १९४१ साली गेलेल्या रवींद्रनाथ टागोरांच्या लेखनावरचे हक्क १९९१ अखेर संपत होते. म्हणजे ही मुदत काही आकाशातून पडलेली नाही. माणसं बसून ती ठरवतात आणि गरज पडली की वाढवतात. प्रश्न असतो, कुणाच्या गरजेनं.

झेरॉक्सच्या दुकानात

एम.ए.च्या पहिल्या सत्रात आम्हाला वाचनाची यादी मिळाली. त्यातल्या काही पुस्तकांची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या मेसच्या बिलाएवढी होती. ग्रंथालयात प्रत एक, तीही तिथंच बसून वाचायची. वर्गातल्या काहींच्या घरी ही पुस्तकं आई-वडिलांच्या कपाटात आधीपासून होती. एका प्राध्यापकांनी बजावून सांगितलं की झेरॉक्स आणि पीडीएफवर शिकणं ही चोरी आहे. मी पुढं कितीतरी महिने झेरॉक्सचा गठ्ठा दप्तरात खाली, कपड्याखाली ठेवायचे. कपाट असलेल्यांना नैतिकता परवडते आणि दप्तर असलेल्यांना अपराधीपणा मिळतो.

तेव्हा मला कुणी सांगितलं नाही की या देशाच्या न्यायालयानं याच प्रश्नावर निकाल दिलाय. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं दुकान आहे. तिथं अभ्यासक्रमातल्या वेगवेगळ्या पुस्तकांमधली प्रकरणं एकत्र बांधून विद्यार्थ्यांना दिली जायची. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. विद्यार्थ्यांनी संघटना करून दाव्यात उडी घेतली. ज्यांच्या पुस्तकांची नावं दाव्यात होती त्यांतल्याच अनेक लेखकांनी प्रकाशकांना दावा मागे घ्या असं कळवलं.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, समाजात ज्ञान वाढावं म्हणून कायद्यानं दिलेला तो हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठानंही शिक्षणाच्या कामासाठी जेवढं लागतं तेवढं घेणं कायद्यात बसतं, हे तत्त्व मान्य केलं. काही तथ्यं तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवलं गेलं, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

हा आधार कलम ५२ मध्ये आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी, टीका आणि परीक्षणासाठी केलेला वाजवी वापर म्हणजे कॉपीराइटचा भंग नव्हे. शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतीही भंग नव्हेत. न्यायालयांचे निकाल आणि विधिमंडळासमोर ठेवलेले समित्यांचे, आयोगांचे अहवाल छापता येतात, जोवर त्यावर खास बंदी घातलेली नाही. अख्खं पुस्तक छापून बाजारात विकणं यात बसत नाही, हेही तितकंच खरं. पण विद्यार्थ्यानं अभ्यासाला प्रकरण झेरॉक्स करणं हा गुन्हा नाही. "चोरी" म्हणणाऱ्या प्राध्यापकांना पुस्तकातलं पुष्कळ माहीत असेल, कायद्यातलं हे पान माहीत नव्हतं. किंवा आम्हाला ते माहीत असावं असं त्यांना वाटलं नाही.

संशोधन नियतकालिकांची गोष्ट तर आणखी उघडी आहे. लेख लिहितो सरकारी शिष्यवृत्तीवरचा विद्यार्थी किंवा सरकारी पगारावरचा शिक्षक. लेख तपासतात तसेच दुसरे शिक्षक, बहुतेकदा फुकट. छापताना कॉपीराइट कंपनीच्या नावावर लिहून घेतला जातो. मग तोच लेख वाचायला सरकार कंपनीला पैसे देतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं "एक राष्ट्र, एक सदस्यता" योजना मंजूर केली: तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण आपली किती मुलं तालुक्याच्या खासगी कॉलेजात शिकतात? नेट-सेटची तयारी करत घरी बसलेल्या मुलीला कोणती संस्था पासवर्ड देणार? तिच्याजवळ सायहब होतं. त्याच्यावर तीन मोठ्या प्रकाशकांनी २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते देशात बंद करण्याचा आदेश झाला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कॉपीराइट मोडीतच काढा. विद्यापीठातले बरेच पुरोगामी मित्र असंच म्हणतात: ज्ञान सर्वांचं, लेखक ही कल्पनाच भांडवली. हे ऐकायला छान वाटतं. पण यापुढं मला माझ्या चुलत्यांबद्दल सांगावं लागेल.

"पारंपरिक"

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, मराठवाड्यात गायन पार्टीत होते. दिवसा मजुरी, रात्री कार्यक्रम. दोनशे पानी वहीत त्यांनी स्वतः रचलेली भीमगीतं आहेत. १९९८ साली एका कॅसेट कंपनीनं त्यांना शहरात बोलावलं, आठ गाणी रेकॉर्ड केली, पाचशे रुपये दिले आणि एका बाँडवर सही घेतली. बाँडवर काय लिहिलं होतं ते तात्यांनी वाचलं नाही आणि त्याची प्रत त्यांना कुणी दिली नाही. कॅसेट आली. कव्हरवर गायकाचं नाव होतं. गीतकाराच्या जागी छापलं होतं "पारंपरिक".

परंपरा म्हणे! तात्या तर जिवंत होते, चाळिशीत होते, कॅसेट हातात धरून उभे होते.

चार वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावानं १४ एप्रिलला तात्यांचा व्हिडिओ टाकला. घराच्या ओट्यावर बसून, हार्मोनियम घेऊन ते स्वतःचं गाणं म्हणत होते. दोन दिवसांत संदेश आला की या गाण्यावर दुसऱ्याचा कॉपीराइट आहे. ज्यानं गाणं लिहिलं, त्यानं ते स्वतःच्या ओट्यावर म्हटलं, आणि उत्पन्न झालंच तर ते कंपनीकडे जाणार.

मी तेव्हा कायदा थोडा समजून घेतला. एका गाण्यात कमीत कमी तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. कंपनीनं मुद्रण केलं म्हणून त्या मुद्रणाचा हक्क तिचा, हे मान्य. पण भावानं टाकलेल्या व्हिडिओत कंपनीचं मुद्रण नव्हतंच. चाल जुन्या भजनाची, ती कुणाचीच नाही. शब्द तात्यांचे. शब्दांचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, कलम १९. त्यात किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर तो पाच वर्षांसाठीच धरला जातो. आणि कलम ५७ सांगतं की हक्क पूर्ण विकला तरी "हे माझं आहे" असं म्हणण्याचा लेखकाचा हक्क विकला जात नाही.

आम्ही हरकत नोंदवली. कंपनीनं ती फेटाळली. पुढं जायचं तर कागद हवा होता आणि कागद कंपनीकडे होता. वकिलाची फी तात्यांच्या कॅसेटच्या कमाईच्या कित्येक पट होती. मी चिडून तात्यांना म्हणाले, आपण लढू. ते म्हणाले, "गाणं ऱ्हाऊ दे बाई त्यायच्याकडं. लोकं म्हणत्यात, ऐकत्यात, झालं. पण माझं नाव तरी लावा म्हणावं."

पीएच.डी.च्या चार वर्षांत ज्ञान आणि मालकी यांच्यावर मी बरंच वाचलंय. या दोन वाक्यांइतकी स्वच्छ मांडणी मला कुठं सापडली नाही. गाणं मोकळं राहू दे, नाव पक्कं असू दे.

नाव कशाला हवं?

ज्यांची नावं शेकडो वर्षं पोथ्यांवर, शिलालेखांवर, सातबारावर आणि विद्यापीठांच्या भिंतींवर आहेत, त्यांना नाव सोडून देण्यात मोठेपणा दिसतो. ज्यांची नावं कधी लिहिलीच गेली नाहीत त्यांना "लेखक मेला" हे तत्त्वज्ञान ऐकवणं म्हणजे जेवलेल्यानं उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे.

आपल्या लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. चोखोबांच्या अभंगात शेवटी चोखा हे नाव येतं. सोयराबाई स्वतःची ओळख "चोख्याची महारी" अशी अभंगातच गुंफतात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांच्या शेवटी "वामन" येतो. ना छापखाना हाताशी, ना कायदा हाताशी, म्हणून नाव शब्दांतच शिवून टाकलं. गाणारा बदलेल, गाव बदलेल, चालही बदलेल, पण नाव काढायला गेलं तर ओळच मोडेल. गाणं कुणालाही म्हणायला मोकळं होतं आणि तरी ते कुणाचं हे सगळ्यांना माहीत होतं. आज याला हक्काच्या भाषेत मांडायचं तर प्रत मोकळी आणि कर्तृत्व राखीव.

१८५५ साली फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध "ज्ञानोदय"मध्ये आला. त्याच्यासोबत तिचं नाव छापलं गेलं. छापलं नसतं तर आज आपण काय म्हटलं असतं? "एका मांग मुलीचा निबंध". अभ्यासक त्यावर लेख लिहिते आणि लेखाखाली त्यांची नावं असती.

आणि बाबासाहेबांनी १९३६ साली काय केलं ते आठवा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अध्यक्षीय भाषणातला काही भाग वगळा म्हटलं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं, १,५०० प्रती, आणि दोन महिन्यांत त्या संपल्या. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघेपर्यंत गुजराती आणि तमिळ भाषांतरं झालेली होती. आपल्या शब्दांची मोडतोड करू न देणं आणि त्याच शब्दांना दूरवर जाऊ देणं, दोन्ही एकाच माणसानं, एकाच पुस्तकाबाबत केलं. या दोहोंत विरोध आहे असं ज्याला वाटतं त्याला ते पुस्तक कळलेलं नाही.

अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि त्यांचे दिवस गरिबीतच गेले. म्हणून मोबदल्याचा प्रश्न मी झटकून टाकत नाही. लिहिणाऱ्यालाही पोट असतं. पण मोबदल्याची सुरुवातही नावापासूनच होते. ज्याच्या नावापुढे "पारंपरिक" लिहिलंय त्याला रॉयल्टी पाठवणार कुठल्या पत्त्यावर?

आता विद्यापीठात या

एम.ए. झाल्यावर मी एका संशोधन प्रकल्पात मदतनीस होते. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या, उतरवून काढायच्या, इंग्रजीत भाषांतर करायच्या. प्रकल्पप्रमुखांना ती बोली येत नव्हती. त्या बायका माझ्याशी बोलल्या, कारण मी त्यांच्यातली होते. दोन वर्षांनी इंग्रजी लेख आला. त्यात माझी भाषांतरं शब्दशः होती. लेखक म्हणून एकच नाव होतं. तळटीपेत "क्षेत्रकार्यातील सहकाऱ्यांचे" आभार होते, तेही नाव न घेता. कॅसेटच्या कव्हरवर "पारंपरिक" होतं, इथं "सहकारी".

भाषांतर हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीनं स्वतंत्र निर्मिती आहे. नोकरीच्या करारातलं काम असेल तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट मालकाचा, ही गोष्टही कायद्यातच आहे, म्हणून मी मालकी सांगत नाही. पण नाव? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांच्या वर साम्य निघालं की विद्यार्थ्याची चौकशी सुरू होते. ते सॉफ्टवेअर आमच्या तुटक्या इंग्रजीतली चार उसनी वाक्यं पकडतं. मदतनीसाचे सहा महिने कुणी आपल्या नावावर घेतले तर ते पकडणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही, कारण ते मागितलं कुणी नाही.

इथं मला स्वतःलाही सोडून चालणार नाही. आता मी माझा प्रबंध लिहितेय. तो शोधगंगेवर जाईल, कुणालाही फुकट वाचता येईल, याचा मला आनंद आहे. त्याच्या पहिल्या पानावर कॉपीराइट माझ्या नावानं असेल. पण आतल्या ओव्या आणि आठवणी ज्या बायकांनी सांगितल्या, त्यांची नावं मी संशोधनाच्या नीतिनियमांप्रमाणे बदलली आहेत. ज्यांना नाव उघड झाल्यानं मुकादमाचा त्रास होईल त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. पण दोघींनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "आमचं खरं नाव टाक." मी आधी नियमाकडे बोट दाखवलं. नंतर तात्यांची आठवण झाली. आता त्या दोघींची लेखी संमती घेऊन मी त्यांच्या ओव्या त्यांच्या नावानं देणार आहे. मार्गदर्शक काय म्हणतात ते पुढं बघू.

आपल्या घरातली सवय

शत्रूवर बोट ठेवताना आपल्या हाताकडेही पाहावं. आपले व्हॉट्सॲप गट उघडा. रोज कविता येतात आणि अर्ध्या कवितांखालचं नाव कुणीतरी उडवलेलं असतं. "फॉरवर्ड आलं, आवडलं, पाठवलं." कार्यक्रमात गायक टाळ्या घेतो, गीतकाराचं नाव घ्यायचं राहून जातं. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका मिळतात. त्या आपल्या विद्यापीठांइतक्याच मोलाच्या आहेत, त्या बंद व्हाव्यात असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांतल्या कितीतरी पुस्तिकांवर संकलकाचं नाव मोठं आणि मूळ लेखकाचं नाव नाही. चळवळीचं आहे म्हणून सगळ्यांचं, हे खरंच. पण सगळ्यांचं झालं की ते लिहिणाऱ्याचं उरत नाही, हे कुणी ठरवलं?

म्हणून चार साध्या गोष्टी. शिकण्यासाठी झेरॉक्स काढा, पीडीएफ वाचा, मान खाली घालू नका, कलम ५२ पाठ करा. लिहिलेलं कुणाला देताना सही करण्याआधी कागद वाचा, किती वर्षांसाठी आणि कशासाठी ते विचारा, आणि त्याची प्रत घरी आणा. प्रकल्पात काम सुरू करतानाच नाव कुठं येणार हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला शेवटी तळटीपच मिळते. आणि आपल्या माणसाची ओळ पुढं पाठवताना त्याचं नाव सोबत पाठवा. नाव माहीत नसेल तर विचारा, शोधा. "पारंपरिक" लिहून मोकळे होऊ नका.

चर्चासत्रातल्या त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये गाठलं. तिला वाटत होतं की आपण काहीतरी चुकीचं बोललो. मी तिला म्हटलं, तू कॉपीराइट मागितलाच नव्हतास. बाबासाहेबांची पुस्तकं कुणीही वाचावीत, छापावीत, शिकवावीत. जितकी जास्त तितकं आपल्यालाच बरं. तू एवढंच विचारलंस की ज्या समाजानं हे विचार वह्यांत, गाण्यांत, दहा रुपयांच्या पुस्तिकांत साठ-सत्तर वर्षं जपले, तेव्हा तुमची विद्यापीठं गप्प होती. मग आता मंच सजल्यावर त्या समाजाची नावं कुठं आहेत? या प्रश्नावर कायद्यात कलम नाही. पुढच्या वेळी अध्यक्ष कॉपीराइट म्हणाले तर त्यांना कायदा सांग, तारीख सांग, १ जानेवारी २०१७, आणि मग तुझा प्रश्न पुन्हा विचार.

तात्यांच्या वहीतली गाणी आता मी आणि भाऊ टाइप करतोय. कुणीही गावीत, पैसे नकोत, परवानगी नको. प्रत्येक गाण्याखाली त्यांचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव असेल. तेवढं कुणी काढू नये.

जय भीम.